बुवांचा खोकला

१

शुक्रवारी सकाळी मालकीणबाई लिफ्टमध्ये शिरल्या, तेव्हा लिफ्टमन स्टुलावर डोळे मिटून बसला होता आणि त्याच्या शर्टाच्या खिशातून बुवा गात होते.

मालकीणबाई आधी नुसत्या हसल्या. बुवा कुणाच्या खिशात नव्हते? एक ओळ गायची, ती उलगडायची, तिच्यावरून एक गोष्ट सांगायची आणि ऐकणारा गोष्टीत पार हरवला की अलगद पुन्हा त्याच ओळीवर आणून सोडायचं, हे बुवांचं निरूपण. महिन्यापूर्वी ते गेले, तेव्हा दुकानदारांनी आपण होऊन शटरं खाली ओढली होती. पण चौथ्या मजल्यावर दार उघडलं आणि मालकीणबाईंचा पाय उंबऱ्यातच अडकला. खिशातले बुवा नावाड्याची गोष्ट सांगत होते.

ती गोष्ट अजून कुणी ऐकलेलीच नव्हती. बुवांचं ते शेवटचं ध्वनिमुद्रण रविवारी मालकीणबाईंच्या ॲपवर येणार होतं. वेगळं तिकीट लावून, गाजावाजा करून. कंपनीने शेवटची ठेव त्यावर लावली होती.

"कुठून आणलंस हे?"

लिफ्टमन दचकून उठला. "आणलं नाही बाई, आलं. सगळ्यांनाच आलंय. तुम्हाला नाही आलं?"

तासाभरात कानसेनबाई हजर झाल्या. चोरीच्या गाण्यांचा माग काढणं हा त्यांचा व्यवसाय. जाडजूड शरीर, खांद्याला कापडी पिशवी, आणि समोरचा बोलत असताना मान किंचित तिरकी ठेवायची सवय. म्हणून ते नाव पडलं, आणि त्यांना ते आवडायचंही. मालकीणबाईंच्या टेबलाशी कंपनीतले टक्केसाहेब कागद चाळत बसले होते.

"तपास वगैरे काही नको," मालकीणबाई येरझारा घालत म्हणाल्या. "चोर मला माहीत आहे, तुम्ही फक्त पुरावा द्या. मूळ ध्वनिमुद्रण एकट्या कापूसच्या यंत्रावर आहे. संध्याकाळी वकील येताहेत. त्यांच्याबरोबर पोलिसांत जाणार, आणि उद्या त्याचं नाव जगजाहीर."

कापूस म्हणजे त्यांचा रेकॉर्डिस्ट. रस्त्याच्या गोंगाटाने कान बिघडू नयेत म्हणून तो बाहेर पडताना कानांत कापसाचे बोळे घालायचा. एकदा का या धंद्यात चोर म्हणून नाव झालं, की पुन्हा कुठलाही गायक त्याच्या मायक्रोफोनसमोर बसणार नव्हता. पोलिसांनी सोडलं तरी लोक सोडणार नव्हते.

"आणि तो नसला तर?"

"तर संध्याकाळपर्यंत दुसरा आणून दाखवा."

२

कापूसच्या खोलीला भिंतीपासून छतापर्यंत जाड फोम लावलेला होता. आत शिरलं की स्वतःचाच आवाज परका वाटायचा. तो खुर्चीत पाठमोरा बसला होता.

"आलात का बेड्यांचं मोजमाप घ्यायला?"

"तू ऐकलंस का ते?"

"नाही, आणि ऐकणारही नाही. बाहेर फिरतंय ते माझं काम नव्हे. माझं काम काल संध्याकाळी पूर्ण झालं. बुवांचा खोकला काढला, पाण्याचा घोट घेतल्याचा आवाज काढला. आरशासारखं केलंय."

कानसेनबाईंची मान तिरकी झाली. येताना लिफ्टमध्येच त्यांनी ते ऐकलं होतं. चोरीचा माल तपासायचा म्हणून फोन कानाला लावला आणि पहिल्याच ओळीला त्यांचा हात आपसूक छातीशी गेला. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून ऐकलेला तो आवाज. "पण बाहेरच्या प्रतीत खोकला आहे," त्या म्हणाल्या.

कापूस गर्रकन वळला. "आहे?"

"नाव मध्यावर डगमगते तिथे. खोकतात, पाणी पितात, 'थांबा हं, नावाडीही थांबलाय' म्हणतात."

"म्हणजे ती कच्ची प्रत! ॲपची चाचणी चालू होती ना, त्यात मी कच्ची प्रत घालून दिली होती. चौघांच्या फोनवर होती ती. मालकीणबाई, टक्केसाहेब, बुवांच्या सूनबाई आणि मी."

"कच्ची तुझ्याकडेही आहेच की. कान मोकळे कर आणि ही बाहेरची ऐक."

नाइलाजाने त्याने हेडफोन चढवले. थोड्या वेळाने त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्याने मागे जाऊन तोच तुकडा पुन्हा लावला. बुवा म्हणत होते, 'नाव काठाला… नाव काठाला लागली.'

"बुवा असं दोनदा म्हणालेच नव्हते! हे ॲपचं आहे. मधेच नेट तुटलं की ॲप थांबतं, आणि पुन्हा सुरू होताना जरासं मागून सुरू होतं. म्हणजे कुणीतरी एका फोनवर ॲप लावलं आणि शेजारी दुसरा फोन ठेवून त्यात हे भरून घेतलं."

"तू असं केलं असतंस?"

"माझ्याकडे अख्खी फाइल असताना?" तो दुखावल्यासारखा म्हणाला. "घरात विहीर असणारा माणूस नळाखाली वाटी धरून बसेल का बाई?"

"मालकीणबाई म्हणतील, मुद्दाम वाकडी वाट केली."

ते कापूसलाही पटण्यासारखं होतं. त्याने पुन्हा हेडफोन दाबले, आवाज वाढवला, आणि एकदम त्याचा हात बटणावरच थांबला.

"बाई, खोलीत कुणीतरी आहे."

"कुठल्या खोलीत?"

"जिथे हे भरून घेतलं तिथे. बुवांच्या मागे ऐका. कुणीतरी संथपणे श्वास घेतंय." त्याने हेडफोन काढले तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "इतका लांब श्वास माणूस घेत नाही."

३

बुवांचं घर इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. दारात पाऊल टाकताच कानसेनबाईंच्या फोनवर नेटच्या सगळ्या दांड्या उभ्या राहिल्या. खिडकीतून समोरच्या गच्चीवरचा टॉवर दिसत होता.

"बुवा शेवटी अंथरुणाला खिळून होते का हो? घरात श्वासाचं एखादं यंत्र वगैरे?"

"छे! खुर्चीत बसल्या बसल्या गेले," सूनबाई म्हणाल्या. "मी ते ध्वनिमुद्रण फोनवर लावलं, मामंजींचा पहिला खोकला आला आणि बंदच केलं. अजून धीर होत नाही."

"रविवारच्या तिकिटाला तुमचा होकार होता?"

सूनबाई जरा हसल्या. "मला व्यवहार कळत नाही. पण मामंजींचं एक सांगते. निरूपण संपलं की पैशांसाठी एक ताट ठेवायचे. आधी ते व्यासपीठावर असायचं, पुढे जाऊन, सगळ्यांदेखत टाकायचे. कुणी जात नसे. लोक कंजूष झालेत, असं सगळे म्हणायचे. मामंजींनी एके दिवशी ताट उचललं आणि दाराशी, चपलांजवळ ठेवलं. तिथे सगळे वाकतातच. तेव्हापासून ताट कधी रिकामं आलं नाही. म्हणायचे, 'माणसाला द्यायचं असतं गं. त्याला वळसा घालायला लावू नये.'"

कानसेनबाईंनी आतल्या खोलीकडे कान लावून विचारलं, "आत काय वाजतंय?"

आत बुवांचे पेटीवाले काका बसले होते. त्यांच्या पुढ्यात साबणाच्या वडीएवढा स्पीकर होता, आणि त्यातून नावाड्याची गोष्ट येत होती. काकांची बोटं हवेतच पेटी वाजवत होती.

"काका, हे चोरीचं आहे!"

"असेल," काका शांतपणे म्हणाले. "सकाळी फोन दुरुस्तीवाल्याने कार्डात घालून दिलं. सगळी निरूपणं त्याच्याकडूनच घेतो मी."

"अहो, पेटी तुम्हीच वाजवलीय त्यात! स्वतःचीच चोरी?"

"मग काय करू? ॲपचे वर्षाचे पैसे भरले होते ना मुलाकडून. त्याच्या फोनवर लावायला गेलो की आधी नंबर मागतं, मग त्यावर आकडे येतात, ते शोधेपर्यंत त्यांची मुदत संपते. एकदा कसंबसं लागलं, तर बुवांनी डोळ्यांत पाणी आणलं आणि नेमकी तिथे बनियनची जाहिरात! गोष्ट वल्ह्यावर असताना बनियन! कार्ड कसं, घातलं की वाजतं. पैसे भरूनही चोराकडे जावं लागतं बाई, आता बोला."

काकांकडे साधा बटणांचा फोन होता. त्यावर ॲप चालणंच शक्य नव्हतं.

तेवढ्यात कानसेनबाईंचा फोन वाजला. पलीकडून कापूस दबक्या आवाजात बोलत होता. "बाई, वकील लवकर आलेत. माझ्या खोलीला बाहेरून कुलूप लावलंय. मी आतच आहे."

४

कार्यालयात परतताच कानसेनबाईंनी आधी मालकीणबाईंचा फोन मागून घेतला. त्यावरचं चाचणीचं ॲप कधी उघडलंच गेलं नव्हतं. "पासवर्ड विसरले, नवा मागितला तर तो जुन्यासारखा आहे म्हणे. कंटाळून सोडून दिलं," मालकीणबाई तुटकपणे म्हणाल्या आणि कुलपाची किल्ली मुठीत घट्ट धरून वकिलांकडे वळल्या.

उरले टक्केसाहेब. ॲपचे दर ठरवायचं काम त्यांचं. चाळिशीचा, काटेकोर भांगाचा माणूस. त्याच्याशी हवापाण्याबद्दल बोललं तरी उत्तर टक्क्यांत यायचं. आज मात्र डोळे तांबारले होते.

"लोक फुकटे असतात बाई. ऐंशी टक्के," ते म्हणाले. "स्वस्त योजनेत मधे जाहिराती ठेवल्या, फोनात उतरवून घ्यायची सोय काढून टाकली. त्रास झाला की माणूस महागड्या योजनेकडे सरकतो, असं गणित आहे."

"चोराकडे सरकत नाही?"

"जो चोर आहे तोच सरकतो."

"आणि चाचणीच्या ॲपमध्ये ती सोय आहे?"

"नाही. गळती नको म्हणून मीच काढायला लावली. मूळ फाइल कुणालाही द्यायची नाही, हा नियमही माझाच. मलासुद्धा नाही." शेवटचे शब्द ते हळूच बोलले.

"म्हणजे कापूसनेच केलं, असं तुम्हाला वाटतं?"

टक्केसाहेबांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. "मला… मालकीणबाईंना तसं वाटतं."

दिवसभरात कुणी इतकं बेतून बोललं नव्हतं. कानसेनबाईंची नजर टेबलावर फिरली. कागदांच्या आडून पारदर्शक, बारीक नळीचं एक वेटोळं डोकावत होतं. दोन टोकांना दोन तोट्या.

"मासे पाळलेत वाटतं?"

"हं? हो. तसंच काहीसं." त्यांनी वेटोळं खणात सारलं.

कानसेनबाई जिन्यावर आल्या. कुठे काहीतरी खुपत होतं. भिंतीला टेकून त्यांनी फोन कानाला लावला आणि या वेळी बुवांकडे पाठ फिरवून फक्त मागचं ऐकलं. श्वास आत, मग लांब उसासा. मधे एक बारीकशी टक. पुन्हा श्वास. माशांच्या टाकीचा पंप असा थांबून थांबून वाजत नाही. तो सलग बुडबुडतो.

आणि त्यांना एकदम आपल्या घरातली मागची खोली आठवली. सासूबाईंचं शेवटचं वर्ष. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आणलेली हवेची गादी. एका बाजूला फुगणारी, दुसऱ्या बाजूला बसणारी, रात्रंदिवस उसासे टाकणारी. तिच्या नळ्या सारख्या फाटायच्या. किती वेळा बदलल्या होत्या त्यांनी स्वतःच्या हातांनी!

कानसेनबाईंनी स्वागतकक्षातून टक्केसाहेबांच्या घरचा पत्ता घेतला आणि धावतच रिक्षा गाठली.

५

तळमजला, मागची बाजू, तिन्हीकडून उंच भिंती. दार उघडायच्या आधीच फोनवरच्या नेटच्या दांड्या एकेक करून मावळल्या.

दार उघडणारी बाई रुग्णाची देखभाल करायला ठेवलेली होती. आत पलंगावर पिसासारखी हलकी झालेली एक म्हातारी. पलंगाखालून उसासा आला. बारीकशी टक. पुन्हा उसासा.

"या, बसा! लेकाच्या कार्यालयातल्या का?" म्हातारी उजळली. "लवकर आलात. आमचं आता नावाड्याचं ऐकायचं चाललंय."

उशाशी जुना फोन होता. कानसेनबाई पलंगाच्या कडेवर टेकल्या. "हे कुणी दिलं आजी?"

"लेकानेच. परवा ॲपवर लावून दिलं होतं, पण या खोलीत ते तुटतं मेलं. नाव निघते आणि मधेच बंद. निघते आणि बंद. मला रडूच आलं. मग त्याने काय केलं, रात्रभर दोन फोन शेजारी मांडून बसला. जागचा हलला नाही. म्हणाला, आई, आता कधीही लाव, अडणार नाही."

देखभाल करणारी बाई कौतुकाने पुढे आली. "इतकं छान लागलं ना ताई, म्हणून मी दुपारी ज्यांच्याकडे जाते त्या आजोबांनाही दिलं. तेही पडूनच असतात. त्यांच्या नातवाने पुढे पाठवलं." ती थबकली. कानसेनबाईंच्या चेहऱ्यावर तिने काहीतरी वाचलं असावं. "माझं काही चुकलं का?"

मागे दार वाजलं. टक्केसाहेब उंबऱ्यात उभे होते, हातात नळीचं वेटोळं घेऊन. कानसेनबाईंना पाहून ते तिथेच थिजले.

"बाहेर बोलू," ते पुटपुटले.

बाहेरच्या अरुंद बोळात ते भिंतीला टेकले. "कशावरून?"

"प्रत कच्ची होती, म्हणजे चाचणीच्या ॲपवरून घेतलेली. ॲप चार फोनांवर. मालकीणबाईंचं उघडलंच नाही. सूनबाईंच्या घरी नेट तुटत नाही. कापूसकडे अख्खी फाइल आहे, त्याला दुसरा फोन लावायची गरजच काय? आणि बुवांच्या मागे तुमच्या आईची गादी उसासे टाकतेय, सगळ्या गावाच्या खिशांत." कानसेनबाई थांबल्या. "तुम्हाला तर ते फुकट ऐकता येत होतं. हक्काने. तरी चोरीची प्रत करावी लागली."

"माझ्याच ॲपने माझ्याच आईला रडवलं हो," टक्केसाहेबांचा आवाज फुटला. "फाइल मागावी, तर नियम माझा. उतरवून घ्यावं, तर ती सोय मीच काढलेली. मी काही चोरायला बसलो नव्हतो. मी फक्त… सोपं करत होतो."

"ते मी चोरीत धरतच नाही."

त्यांनी आशेने वर पाहिलं.

"चोरी आज सकाळी झाली," कानसेनबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण त्यातली माया गेली होती. "मालकीणबाईंनी कापूसचं नाव घेतलं, आणि तुम्ही त्याच टेबलाशी बसून गप्प राहिलात. त्या माणसाला आत्ता त्याच्याच खोलीत कोंडलंय. बुवांचा आवाज परत मिळत नाही, हे मला कळतं. त्याचं नाव अजून परत देता येईल. पण वकील निघायच्या आत."

"नोकरी जाईल. आईचं हे सगळं…"

आतून म्हातारीचा आवाज आला. भिंती उंच असल्या तरी दार उघडंच होतं.

"अरे, मला आधी सांग, बुवांचे पैसे द्यायचे राहिलेत का?"

दोघंही दारात आले. म्हातारीने उशीखालून चुरगळलेली नोट काढली होती. "तू म्हणालास, कार्यालयाकडून आहे. मग फुकट कशाला ऐकवलंस? घे, देऊन टाक त्यांना."

"असे नाही देता येत गं आई. ॲपवर जावं लागतं."

"मग जा."

टक्केसाहेबांनी फोन काढला. नवीन ग्राहक. नाव. नंबर. आकडे येतील ते टाका. नेट गेलं. खिडकीशी जाऊन हात उंच केला, आलं. आकड्यांची मुदत संपली होती. पुन्हा. योजना निवडा. निवडली. या योजनेत ही सोय नाही. पुन्हा. पलंगाखालची गादी उसासे टाकत होती आणि त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. म्हातारीचा नोट धरलेला हात थकून हळूहळू खाली आला.

"बुवांचं ताट एवढं लांब नव्हतं रे," ती म्हणाली.

टक्केसाहेबांनी फोन खिशात घातला. आईच्या हातातली नोट घेतली, नीट घडी केली आणि कानसेनबाईंना म्हणाले, "तुमची रिक्षा थांबलीय का?"

६

वकिलांनी पेनाचं टोपणही उघडलं होतं. टक्केसाहेबांनी बसायलाही न थांबता, उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. टक्के एकदाही आले नाहीत.

मालकीणबाईंनी मुठीतली किल्ली उलटीपालटी केली. "आता रविवारी विकायचं काय? सगळ्यांकडे आहेच ते."

"आहे, पण अडखळणारं, गादीच्या उसाशांसकट," कानसेनबाई म्हणाल्या. "लोकांना बुवा स्वच्छ हवेत. ताट तेवढं दाराशी आणा. एका बोटात देता येईल असं, थोडं. घेतलं की फोनात उतरेल, पुन्हा आकडे मागणार नाही. आणि मधे बनियन नको."

"आणि लोक देतील?"

"अंथरुणाला खिळलेली म्हातारी नोट काढून बसलीय मालकीणबाई."

मालकीणबाई टक्केसाहेबांकडे वळल्या. "तुमचं काय करायचं ते सोमवारी ठरवेन. रविवारपर्यंत हे ताट तुम्ही हलवायचं. आणि आधी…" त्यांनी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. "हे तुम्हीच उघडा."

कुलूप निघालं. कापूस पाठमोराच बसला होता. पडद्यावर बुवांच्या आवाजाची रेघ पसरली होती आणि तो तिच्यात काहीतरी पुन्हा जोडत होता.

"खोकला परत घालतोय," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "सकाळपासून ऐकतोय. तो काढला की बुवा लांब जातात."

टक्केसाहेब उंबऱ्यात उभे राहिले. कानसेनबाई मागे जिन्यापाशी थांबल्या, मान तिरकी करून.

"दार लाव," कापूस म्हणाला. "बाहेरचा आवाज आत येतोय."

टक्केसाहेबांनी मान खाली घालून दाराच्या मुठीला हात घातला आणि दार ओढून घेत मागे सरकू लागले.

"आतून," कापूस म्हणाला.